पाच रेघांवरचा बेडूक

पियानो आमच्या घरात आला तो मुलीच्या हट्टापायी. पियानो म्हणजे काही तो कपाटाएवढा लाकडी नव्हे. स्टँडवर ठेवायचा, विजेवर चालणारा, कुणीतरी वापरून झालेला. दिवाळीत आला आणि उन्हाळ्यापर्यंत मुलीचा उत्साह आटला. ती पियानोच्या क्लासमध्येच रविवारच्या गाण्याच्या ग्रुपला जायला लागली आणि पियानोवर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या बसल्या. मला ते बघवेना. एके दिवशी सगळे कपडे उचलून पलंगावर टाकले आणि स्वतःच शिकायला बसले.

"आता तू पण का?" नवरा म्हणाला.

"हो, मी पण."

मी चाकणच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला आहे. रहाटणीहून पहाटे बस, चौकात ट्रकांच्या मागे रांग, मग ट्यूबलाइटखाली टेबलाशी उभं राहून एकेक नग हातात घेऊन बघायचा. ओरखडा आहे का, कड तुटलीय का, भोक बरोबर आहे का. खराब नग दिसला की हात तिथल्या तिथे थांबला पाहिजे. तो लाल ट्रेमध्ये टाकायचा आणि त्याच्या आधी पास केलेले पुन्हा तपासायचे. हे इतकी वर्षं केलंय की घरी एखादी चपाती करपली तरी मी डब्यातल्या आधीच्या उलटून बघते. सुपरवायझर नव्या पोरींना सांगतात, "ताईंसारखा हात पाहिजे बघा." मला त्या कौतुकाचा संताप येतो. काम चांगलं केलं म्हणून तेच काम जन्मभर गळ्यात, असला हा मान. लाइनवर नाहीतर ऑफिसात दुसरं काही द्या म्हणून मी कितीदा मागून बघितलं. दर वेळी उत्तर एकच, तुम्ही तिथून हललात तर रिजेक्शन वाढेल.

मुलीच्याच क्लासला मीही जायला लागले; तिथले सर मला मॅडम म्हणायचे. ते म्हणाले, "बोटं छान चालतात, पण साइट रीडिंग कच्चं आहे." म्हणजे कधी न पाहिलेलं पान समोर आलं की पाच रेघांवरचे ते काळे ठिपके वाचत तिथल्या तिथे वाजवायचं. मला ते जमेना. पाठ केलेलं वाजवायचे, नवं पान दिसलं की घाम फुटायचा. सरांनी मुलांसाठीचा एक कॉम्प्युटर गेम सांगितला. मुलीच्या शाळेसाठी घेतलेला लॅपटॉप वायरने पियानोला जोडला आणि झालं सुरू.

गेममध्ये एक तळं आणि एक बेडूक. वर पाच रेघांवर एक ठिपका उमटतो. त्या ठिपक्याची पट्टी दाबली की बेडूक कमळाच्या पुढच्या पानावर उडी मारतो. चुकीची दाबली की डुबुक, पाण्यात. मग पुन्हा पहिल्या पानापासून. तुम्ही विचार करत बसलात तरी बेडूक काही बोलत नाही. डोळे मिचकावत तुमची वाट बघतो.

नवऱ्याची थर्ड शिफ्ट असली की तो दिवसा झोपलेला असायचा, म्हणून मी कानाला हेडफोन लावायचे. मला सूर ऐकू यायचे आणि घराला नुसती पट्ट्यांची खटखट. शेजारी अभ्यासाला बसलेली मुलगी त्या खटखटीवरून सगळं ओळखायची. खटखट थांबली की मान वर न करता विचारायची, "पडला का?" मी हो म्हटलं की तीही पेन खाली ठेवायची आणि माझी पुन्हा सुरुवात झाली की पुढे लिहायला घ्यायची. मला तिचं भारी कौतुक वाटायचं. नवऱ्याला जाग यायच्या आत, भाजी फोडणीला टाकायच्या आधी, तेवढा वेळ आम्ही दोघी त्या तळ्याकाठी असायचो. बाकी दिवसभर माझा जीव गुदमरायचा.

मी ते तळं पार केलं. मग दुसरं, मग ज्यात दोन्ही हातांचे ठिपके एकदम येतात तेही. एकही उडी न चुकता. लॅपटॉप क्लासला नेऊन दाखवला, सरांनी पडद्यावर मार्कांऐवजी मिळालेले तारे बघितले आणि मला बसवून घेतलं. गाण्याच्या ग्रुपला साथ करणाऱ्या मावशी मुलाकडे परदेशी चालल्या होत्या. त्यांच्या जागी कुणीतरी हवं होतं. आधी रविवार, जमलं तर पुढे रोजच्या बॅचेस. "तेव्हा मग कंपनीचं काय ते तुम्ही ठरवा," सर म्हणाले.

मी लगेच ठरवलं होतं. बसमध्ये बसल्या बसल्या राजीनाम्याचं वाक्य मनात जुळवायचे आणि एकटीच हसायचे. शेजारची म्हणाली, "काय राव, लॉटरी लागली का?" मी "छे" म्हटलं. पण आतून अगदी तसंच वाटत होतं.

त्या रविवारी सरांनी नवं पान समोर ठेवलं. मुलांना गाणं पाठ होतं, मला मात्र ते अनोळखी. मुलगी दुसऱ्या रांगेत उभी होती, ताठ. सरांनी हाताने ताल दिला आणि आम्ही निघालो. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. मला वाटलं, जमतंय की! तिसऱ्या ओळीत डाव्या हाताचा एक सूर चुकला. एकच. कुणाच्या लक्षातही आला नसता. पण माझे दोन्ही हात पट्ट्यांवरून वर उचलले गेले. मी मागे गेले, तो सूर बरोबर वाजवला, आणि पुढे बघते तर मुलं केव्हाच दुसऱ्या कडव्यात पोचली होती. त्यांना गाठायला गेले तर आणखी चुकले. पुन्हा थांबले. शेवटी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मुलांनी माझ्याशिवाय गाणं पूर्ण केलं.

मुलांनी म्हणजे, एक सोडून सगळ्यांनी. माझी मुलगी तोंड मिटून माझ्याकडे बघत उभी होती. मी पहिल्यांदा थांबले तेव्हाच ती थांबली होती.

"वाचन चोख आहे हो तुमचं," सर नंतर म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं. "पण मुलं कुणासाठी थांबत नाहीत. थांबूही नयेत."

खाली गाडीजवळ मुलगी म्हणाली, "त्या सगळ्या गेल्या पुढे. मी नाही गेले." सांगताना तिला अभिमान वाटत होता. "तू चुकलीस तर मी कशी जाणार? आता मी पण नाही येणार या क्लासला."

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि त्याच क्षणी आठवलं, घरीही मी थांबले की तिचं पेन थांबायचं. लाल ट्रे मी घरी आणला होता आणि माझं मलाच कळलं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "तू यायचंस. गुपचूप."

पुढच्या रविवारी तिला जवळजवळ ओढतच नेलं. ती आत गेली, मी बाहेर जिन्यावर बसले. साथीला नवी कुणी बाई आली होती. पहिल्या ओळीपासून चुकत होती. डावा हात भलतीकडे, उजवा भलतीकडे, आणि तरी खुशाल वाजवत सुटलेली. गुडघ्यावर ताल धरलेला माझा हात आपोआप थांबत होता, प्रत्येक चुकीला. आत कुणीच थांबत नव्हतं. मी कान देऊन त्या घोळक्यातून मुलीचा आवाज शोधला. सापडला. तीही थांबली नाही, शेवटपर्यंत.

मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले, आणि त्या बाईचा इतका हेवा वाटला की जिन्यावरून उठवेना. गाणं संपलं, मुली धावत बाहेर आल्या. ती मैत्रिणींशी बोलत माझ्या बाजूने पायऱ्या उतरून गेली. मी तिथे बसलेय हे तिच्या लक्षातही आलं नाही. मी तिला हाक मारली नाही.