शिंगं असलेला संगणक

निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली. खून, दरोडे, मारामाऱ्या यांतली नावं-गावं आता डोक्यात एकमेकांत मिसळतात. घरचे म्हणतात, वयाचा परिणाम. पण धाराशिवच्या ठाण्यातला एक शनिवार आणि त्याच्या पुढचा रविवार मला अजून तासातासानं आठवतो. नावं कुणाची घेणार नाही. त्यातली सगळी माणसं आपापल्या जागी सुखात आहेत, त्यांना उगाच त्रास नको.

संगणकाच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षकानंच करायचा, असा कायदा आहे. मी निरीक्षक होतो. मला संगणक येतो का, हे कायद्यानं विचारलेलं नाही. त्यामुळे शहरातल्या एका खाजगी संगणक कंपनीचे मालक फिर्याद घेऊन आले, तेव्हा ती फाईल सरळ माझ्या टेबलावर आली.

मालकांचा धंदा मला समजायलाच अर्धा तास लागला. त्यांच्या कचेरीत काही मोठी यंत्रं होती. त्या यंत्रांच्या पोटात दवाखान्यांसाठी, कॉलेजांसाठी वेगवेगळी 'आभासी मशिनं' चालायची. म्हणजे मशिन आहे, पण त्याला डबा नाही. हा सगळा कारभार एका पडद्यावरून चालवायचा, त्याला ते क्लाउडचा प्लॅटफॉर्म म्हणत. त्यांच्याकडच्या एका बाळंतपणाच्या दवाखान्याच्या मशिनमधल्या सगळ्या नोंदी बुधवारी दुपारी कुणीतरी पुसून टाकल्या होत्या. गरोदर बायकांचे रक्तगट, तपासण्या, बाळंतपणाच्या तारखा, काही उरलं नव्हतं. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई मालकांबरोबरच आल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "साहेब, या आठवड्यात माझ्याकडं अवघडलेल्या चार बायका आहेत. त्यांचे जुने रिपोर्ट मी आता कुठून आणू?"

अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा दाखल केला. मालकांच्या मते मात्र इसम अज्ञात नव्हताच. मशिनच्या नोंदवहीत, म्हणजे कोण कधी आत आलं ते आपोआप टिपून ठेवणाऱ्या यादीत, बुधवारी दुपारी आत शिरलेल्या खात्याचं नाव स्पष्ट होतं. ते त्यांच्याकडं काम करणाऱ्या एका मुलीचं होतं. तिनं आदल्याच आठवड्यात राजीनामा दिला होता. तिला पुण्याच्या एका कंपनीत नोकरी लागली होती. अनुभवाचा दाखला देण्यावरून मालकांचं आणि तिचं कडाक्याचं भांडण झालं होतं, अख्ख्या कचेरीनं ऐकलेलं.

शनिवारी दुपारी ठाण्यात एक फोन आला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. "ती पोरगी आज पळून चाललीय. येडशीच्या स्टेशनावर बघा," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. मी गाडी काढली, महिला शिपाई बरोबर घेतली. मुलगी खरोखरच स्टेशनवर सापडली. दोन बॅगा, एक डब्याची पिशवी आणि शेजारी घोंगडी खांद्यावर टाकलेला तिचा बाप. ही मंडळी भूम तालुक्यातल्या ईटची, घरी मेंढरं. येडशीला मुलीची आत्या राहायची. नोकरीवर जाण्याआधी रामलिंगाचं दर्शन घेऊन संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला जायचं, असा त्यांचा बेत होता. सोमवारी तिला हजर व्हायचं होतं.

बाईमाणसाची चौकशी तिच्या घरी जाऊन करायची असते. मी तिला ठाण्यात आणलं. घाई होती, खबर होती, आणि खरं सांगायचं तर माझी खात्री होती. राजीनामा, भांडण, नोंदवहीतलं नाव, हातात बॅगा. आमच्या खात्यात एवढ्यावर माणसाचं चित्र पुरं होतं.

"बुधवारी दुपारी कुठं होतीस?" मी विचारलं.

"ईटला, घरी."

"मग दवाखान्याच्या मशिनमध्ये कोण शिरलं?"

"मला न्हाय माहीत, साहेब. पण हे काम घरी बसूनसुद्धा करता येतं. त्यामुळं मी घरी होते म्हटलं तरी तुम्ही मानणार न्हाय."

मी चाटच पडलो. स्वतःचाच बचाव स्वतः खोडून काढणारा संशयित मी तोवर पाहिला नव्हता. पण त्याचाही अर्थ मी उलटाच लावला. म्हटलं, पोरगी भलतीच चलाख आहे.

ती पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "मला एकदा ते मशिन बघू द्या." मी ठाम नकार दिला. संशयिताच्या हाती पुरावा देतो का कुणी? बाहेर बाप लिंबाच्या झाडाखाली बसून होता. मी बाहेर येऊन परत आत निघालो तेव्हा तो उठून म्हणाला, "सायेब, तिचं नाव तुमच्या कागदावर चढलं तर पुण्याचं काम ऱ्हाईल का?"

"चौकशी होऊ द्या, बाबा," मी म्हणालो.

उत्तर मला माहीत होतं. अशा नोकऱ्यांत चारित्र्य पडताळणी होते. आरोपी म्हणून नाव आलं की पुढचं सगळं बंद. गाडी तर तिची चुकलीच होती. सूर्यास्ताच्या आत तिला आत्याकडं सोडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजर राहायची नोटीस दिली. तिचं नाव आरोपी म्हणून घेण्याचा कागद मी टाईप करून घेतला होता. सही तेवढी राहिली होती.

रविवारी सकाळी सहीसाठी बसलो. आमच्या रायटर हवालदारानं, म्हणजे ठाण्याची लिखापढी सांभाळणाऱ्यानं, कागदांचा गठ्ठा समोर ठेवला. सगळ्यात वर मुलीच्या कचेरीतला संगणक जप्त केल्याचा पंचनामा होता. मी वाचायला लागलो. 'एक संगणक, रंगाने काळा, वापरलेला, किरकोळ चरे असलेला.' इथवर ठीक. पुढं लिहिलं होतं, 'शिंगे मागे वळलेली, शेपटीचा गोंडा पांढरा, उजव्या कानास काप, दुसऱ्या वेताची.'

"हे काय आहे?" मी ओरडलो.

रायटर वाकून बघायला लागला आणि त्याचा चेहरा पडला. "सायेब, म्हशीचं ऱ्हायलं पुसायचं."

"कुठली म्हैस?"

"मागच्या म्हईन्यातली, चोरीची. पंचनामा आता कोरा कोण लिवतंय, सायेब? जुना उघडायचा, नाव-गाव बदलायचं, मुद्देमाल बदलायचा. रंग काळाच व्हता, त्यामुळं ध्यानात आलं न्हाय."

मला हसावं की रडावं कळेना. हा कागद कोर्टात गेला असता तर वकिलानं मला त्या म्हशीवर बसवून गावभर फिरवलं असतं. रागानं मी शेवटचं पान उलटलं. खाली तपासी अधिकारी म्हणून नाव होतं आमच्या एका फौजदाराचं. त्याची लातूरला बदली होऊन तीन आठवडे झाले होते.

"आणि हा कधी आला होता पंचनाम्याला?"

"त्यो कुठं येतोय? त्याचं नाव त्या नमुन्यातच हाय. जेवढं पंचनामे त्याच्यावरून काढू, तेवढ्यात येतंय."

मी पेन खाली ठेवलं. फौजदार लातूरला, नाव इथल्या कागदावर. उद्या कुणी कागद पाहून म्हणालं असतं की तो हजर होता, तर त्याला नाही म्हणणंसुद्धा जड गेलं असतं. आणि आदल्या दिवशी त्या मुलीनं आपलं काम मला सांगितलं होतं, निम्म्या कानानं ऐकलेलं ते मला आता आठवलं. एक मशिन नीट तयार करायचं, सगळी सॉफ्टवेअरं घालायची आणि गोठवून ठेवायचं. त्याला टेम्पलेट म्हणायचं. ते प्लॅटफॉर्मच्या यादीत चढवायचं. मग नवं गिऱ्हाईक आलं की यादीतून निवडायचं, बटण दाबायचं, पाच मिनिटांत तसंच मशिन तयार. ते टेम्पलेट बनवून यादीत चढवणं हेच तिचं काम होतं.

ती दहा वाजता हजर झाली. मी विचारलं, "तू शेवटचं टेम्पलेट चढवलंस, त्याच्यावरून आज कुणी मशिन काढलं तर त्यात तुझं नाव असेल का?"

तिनं एकदम वर पाहिलं. मग तिचा हात तोंडाशी गेला.

"असंल, साहेब. गोठवायच्या आधी आपलं खातं, पासवर्ड, मशिनचं नाव, सगळं साफ करावं लागतं. त्या दिवशी मालकांना दवाखाना नव्या मशिनवर लगेच हवा होता. मी साफसफाई... मी केलीच न्हाय बहुतेक."

दोन पंच घेतले आणि सगळे कंपनीच्या कचेरीत गेलो. मुलीला कशालाही हात लावू दिला नाही. मालकांनी स्वतः यादीतून ते टेम्पलेट निवडलं, बटण दाबलं. नवं मशिन उभं राहिलं. ते आमच्या डोळ्यांदेखत जन्मलं होतं आणि त्यात त्या मुलीचं खातं आधीच हजर होतं. शिवाय पडद्यावर त्या मशिनचं नाव दिसत होतं, ते हुबेहूब दवाखान्याच्या मशिनचं. एकाच टेम्पलेटवरून निघालेल्या सगळ्या मशिनांचं नाव एकच. कोणत्या मशिनमध्ये आपण उभे आहोत, हे पाहणाऱ्याला कळायची सोयच नव्हती. पंचनामा मी स्वतः हातानं लिहिला, कोऱ्या कागदावर.

"त्या खात्याचा पासवर्ड कुणाकुणाला ठाऊक होता?" मी विचारलं.

"मला," मुलगी म्हणाली, "आणि सरांना. चाचणीसाठी दिला होता."

सर म्हणजे कचेरीतले वरिष्ठ इंजिनिअर, चाळिशीतले, शांत गृहस्थ. ते कोपऱ्यात उभे होते आणि त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. मी त्यांना शेजारच्या खोलीत नेलं. आवाज चढवला नाही. चौकशीत प्रश्न जितका साधा तितकं खोटं बोलणं अवघड, हा माझा अनुभव.

"बुधवारी तुम्ही कोणतं मशिन साफ केलंत?"

"चाचणीचं," ते म्हणाले. आणि मग दोन्ही हातांत तोंड लपवून रडायला लागले.

चाचणीसाठी काढलेलं मशिन त्यांना रिकामं करायचं होतं. नावं सारखी, खातं सारखं. चुकून दवाखान्याच्या मशिनमध्ये शिरले. चूक कळेपर्यंत सगळं पुसून झालं होतं. मालक ओरडत होते, पोलिसांत जाऊ म्हणत होते, आणि नोंदवहीत नाव दुसरीचं दिसत होतं. ते गप्प बसले. शनिवारचा तो फोनही त्यांचाच, मेहुण्याच्या मोबाईलवरून केलेला. "ती एकदा पुण्याला गेली की तपास माझ्याकडं वळेल असं वाटलं, साहेब," ते म्हणाले. दुष्ट माणूस नव्हता तो. पण भ्यालेला माणूस कुणाचं किती वाटोळं करील याचा नेम नसतो.

मुद्दाम कुणी केलं नव्हतं, तरी नोंदी गेल्याच होत्या; डॉक्टरीणबाईंचं काय? मुलगी दारात येऊन म्हणाली, "साहेब, कालपासून सांगतेय, मला एकदा बघू द्या. दवाखाना नव्या मशिनवर नेला, तेव्हा जुन्याची प्रत मी ठेवली होती. मी महिनाभर ठेवतेच. कुणी पुसली नसंल तर यादीत खाली असंल."

ती होती. यादीत अगदी तळाला, चार दिवस सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालणाऱ्यांत सगळ्यात पुढं मीच होतो. मुलगी एकेक पायरी सांगत गेली, मालक बटणं दाबत गेले. तिसऱ्या प्रहरी दवाखान्याच्या नोंदी परत आल्या. मधल्या दहाएक दिवसांच्या तेवढ्या नव्हत्या, त्या डॉक्टरीणबाईंनी कागदांवरून भरायला घेतल्या. फोनवर मी त्यांना बातमी दिली तेव्हा त्यांनी आधी त्या चार बायकांचे रिपोर्ट आलेत का, तेच विचारलं.

जबाब घेताना मी मुलीला म्हणालो, "साफसफाईचं राहिलं, ते लिहायलाच पाहिजे असं नाही. तुझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

"लिवा, साहेब," ती म्हणाली. इतका वेळ शहरी बोलायचा प्रयत्न करणारी पोरगी एकदम ईटची झाली. "चूक माझी हाय. म्या ती केली नसती तर सरांची झाली नसती. लिवलं न्हाय तर दुसरं कुणीतरी परत तेच करंल."

मी लिहिलं. गुन्ह्याची 'क' समरी कोर्टात पाठवली, म्हणजे गैरसमजुतीतून दाखल झालेलं प्रकरण. खोट्या खबरीबद्दल सरांवर वेगळी, छोटीशी कारवाई झाली. मालकांनी अनुभवाचा दाखला माझ्यासमोर सही करून दिला. पण पुण्याच्या कंपनीनं मुलीला कळवलं की, पडताळणी झाल्यावरच या.

काही दिवसांनी तो कागद फिरत फिरत माझ्या टेबलावर आला. गुन्ह्यांची नोंद, या रकान्यात मी 'निरंक' लिहिलं. पाठोपाठ कंपनीच्या एका अधिकारी बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "तिनं आम्हाला सगळं स्वतःच सांगितलंय, तिच्या चुकीसकट. तुमचं मत हवं होतं."

मताचा रकाना आमच्या अर्जात नसतो. तरी मी म्हणालो, "मॅडम, माझ्या नोकरीत चुका लपवणारे शेकड्यांनी पाहिले. आपली चूक लिहून घ्या म्हणून हटून बसलेली ही एकटीच."

पुढच्या आठवड्यात ठाण्याच्या फोनवर ईटहून तिचा बाप बोलला. "सायेब, पोरगी लागली कामाला." मला मनापासून आनंद झाला. ज्याच्या पोरीला मी स्टेशनवरून उचलून आणलं, त्यानं मलाच गोड बातमी द्यावी! आम्ही मेंढरांचं बोललो, पाण्यापावसाचं बोललो. मग तो म्हणाला,

"एक इच्यारू का? तुमी तिला आत नेलं, तवा बसाया दिलं व्हतं का वो? भायेर झाडाखाली मला तेवढाच घोर लागून ऱ्हायला व्हता. पोरीला इच्यारलं तर नुसती हासती, सांगत न्हाय."

कुठल्याही कागदात याची नोंद नव्हती. खुर्ची दिली होती म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"नाही, बाबा," मी म्हणालो. "दोन तास उभीच ठेवली. चुकलं माझं."



"व्हय," तो म्हणाला. "खरं बोल्ला, लई बरं वाटलं."

त्यानंतर माझी चार वर्षं नोकरी राहिली होती. माझ्या खोलीत चोर येवो की साव, आधी त्याला खुर्ची द्यायची आणि मगच नाव विचारायचं, असं मी शिपायांना सांगून ठेवलं होतं. सुरुवातीला ते माझ्या माघारी हसत. पुढं पुढं मी सांगायच्या आधीच खुर्ची आणून ठेवायला लागले.