बुडालेल्या विहिरीची पाळी

माझा चुलतभाऊ सरळ माणूस आहे, असं सगळं गाव म्हणतं. इतके लोक एका सुरात बोलायला लागले, तिथेच मला त्याचा संशय आला.

मेहकरकडच्या धरणात आमचं जुनं गाव बुडालं, शेतं बुडाली, आणि आम्हा दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरची सामाईक विहीरही बुडाली. पाळी मात्र बुडाली नाही. पूर्वी विहिरीचं पाणी एक दिवस त्याच्या कपाशीला, एक दिवस माझ्या. आता त्याच विहिरीच्या वरच्या पाण्यावर एक दिवस त्याचं जाळं, एक दिवस माझं. आमच्या धरणावर मासे धरणारे सगळे हेच पाळतात: ज्याचं रान खाली, त्याचं पाणी वर. आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की मोठा मासा विहिरीत जाऊन बसतो, यावर तर आमच्याकडे लहान पोरगंही पैज लावेल. आमच्या विहिरीतला मासा एवढा, की त्याने कूस बदलली तर लोणारला फळीवरची भांडी वाजतात.

पण त्याच्या पाळीला डोंगा बुडायला येईल एवढे रोहू, आणि माझ्या पाळीला दोन झिंगे आणि एक चप्पल. तीही डाव्या पायाची. विहिरीची खूण अशी: टेकडीवरचं देऊळ पाठीशी, धरणाची भिंत उजव्या खांद्याला आणि काठावरची बाभूळ नाकासमोर. पूर्वी बाभळी दोन होत्या. एक पडली. खुणेची बाभूळ म्हणजे उरलेलीच, हे मला सांगितलं कोणी? त्याच सरळ माणसाने. तो मला भलत्याच पाण्यावर बसवत असेल, तर पाळी मोडायची, आणि पाळी मोडली की भाऊपणाही मोडला, हे मी मनात पक्कं करून टाकलं होतं.

माझा मेहुणा तिकडे कोकणात मोठ्या मच्छीमार बोटीवर आहे. बोटीवर नवं यंत्र आलं, तेव्हा जुनं त्याने माझ्याकडे पाठवलं. खोल समुद्रात मासे दाखवणारं यंत्र: पडद्याचा एक डबा, लांब वायर, आणि वायरच्या टोकाला साबणाच्या वडीएवढा काळा सेन्सर. हा सेन्सर पाण्यात आवाज सोडतो, आवाज तळाला किंवा माशाला आपटून परत येतो आणि पडद्यावर उमटतो. मोटारसायकलची बॅटरी काढून मी ते ओसरीवर सुरू केलं. पडद्यावर माशांची जत्रा!

बायको डोकावून म्हणाली, "अहो, आपल्या ओसरीखाली सातशे फूट पाणी हाये म्हणते हे. मंग मी हापशावर काऊन मरून राह्यली?"

मेहुण्याला फोन केला. तो हसून हसून खोकायला लागला. "दाजी, तो डेमो हाये. आधी तो बंद करा. सेटिंगमधलं खारं पाणी काढून गोडं लावा, खोली शंभर फुटांवर आणा. अन् सेन्सर हवेत नका ठेवू, पाण्यात सरळ खाली तोंड करून बांधा."

सकाळी यंत्र घेऊन धरणावर गेलो, तर त्याची खबर लागलेला चुलतभाऊ माझ्या डोंग्यात आधीच बसलेला. मांडीखाली एक पोतं.

"काऊन बे, आज तर माही पाळी हाये."

"हाव. पण तू एकटा जाशीन, अन् येऊन म्हणशीन, 'इहीर माह्याच बाजूले निंगाली.' मले माईत हाये तू."

"अन् पोतं कायचं?"

"म्हशीले चारायची ढेप हाये."

"म्हैस पाण्याखाली बांधली काय रे?"

तो डोंग्याबाहेर बघायला लागला.

लोखंडी नळाच्या तुकड्याला सेन्सर लावला, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी नळ डोंग्याच्या कडेला आवळला. पहिल्यांदा तो तिरपा झाला आणि पडद्यावर नुसता चिखल दिसला. चुलतभाऊ म्हणाला, "तुह्यासारखंच हाये, वाकडं पाह्यते." नळ सरळ केला. बत्तीस फुटांवर सपाट तळ उमटला. त्याचं शेत. हळूहळू वल्हवत त्याने सांगितलेल्या खुणेवर आलो, माझी नजर पडद्यावर आणि त्याची माझ्या तोंडावर. आणि तळाची रेघ एकदम तुटून खाली गेली. पन्नास. साठ.

विहीर. त्याने सांगितलं होतं अगदी तिथेच.

माझा चेहरा उतरला. एवढी वर्षं जपलेला संशय असा बसल्या जागी गेला, की माणसाला चोरी झाल्यासारखं वाटतं. पण पडद्यावर आणखी एक गोष्ट होती, म्हणजे नव्हती: विहिरीत एकही मासा नव्हता. मेहुण्याला परत फोन लावला. तो म्हणाला, "खड्ड्यातल्या साचल्या पाण्यात हवा नसते दाजी, मासा तिथं मरायले जाईन का?"

"मंग तुले मासे कुठं सापडते बे?" मी चुलतभावाला विचारलं.

त्याने पोतं आणखी मांडीखाली ओढलं. मी मुद्दाम डोंगा त्याच्या शेतावर परत नेला, आणखी पुढे, त्याच्या जुन्या गोठ्याच्या जागेवर. पडदा माशांनी काळा झाला. तेव्हा त्याने पोत्याचं तोंड सोडलं. सरकीच्या ढेपेचा वास आला.

"रोज मूठभर टाकतो. माह्या रानावर टाकतो, तुह्या नाई. खोटं काय बोललो?"

"सांगितलं काऊन नाई?"

"तू इचारलं काऊन नाई? तू तर बाभळीकडे पाहून दात खाऊन राह्यला होता."

मी डोंगा काठाकडे वळवला. मग तो म्हणाला, "इहिरीची पाळी आता तूच ठेव. रोज."

"मले नको. तूच ठेव."

"नाई, तू मोठा हायेस."

एवढ्या मोठ्या मनाने देतोय म्हणजे विहिरीत काहीतरी असणार, असं मला लगेच वाटलं. त्यालाही माझ्या नकाराबद्दल तेच वाटलं असावं, कारण काठावर उतरल्यावर त्याने डबा काखेत मारला. "हे मी नेतो. तू राती एकटाच येऊन पाहशीन."

मी नळावरचा सेन्सर सोडून खिशात घातला.

तेव्हापासून डबा त्याच्या घरी असतो, सेन्सर माझ्या. एकाशिवाय दुसरं आंधळं, म्हणून धरणावर जायचं तर दोघांना एकाच डोंग्यात जावं लागतं. ढेप आता मीही टाकतो. तो माझी मूठ मोजतो, मी त्याची.