हनुमंतच्या नावाचं कुलूप

हनुमंत ऑपरेटर वारला, पण घोडकाठच्या पाणी संस्थेत तो पुढंही कामावर होता. हसू नका. मी रुपाली, शिरूरला कॉम्प्युटर दुरुस्त करते. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी त्या ऑफिसात पाय ठेवला की मान आपोआप मागं वळायची.

नदीचं पाणी उचलून शेतांना पाळीनं द्यायचं, हे संस्थेचं काम. पाळ्या हनुमंतनं कॉम्प्युटरात घातल्या आणि कुलूप लावलं. ज्यानं त्यानं आपापल्या नावानं आत यायचं, पाळी बघायची. बदलायची मुभा एकट्या हनुमंतला, आणि बदललं की शेजारी त्याचं नाव उमटायचं. चेअरमन आनंदरावांना ते कधीच रुचलं नाही.

मग तो मोटरसायकलवरून पडला आणि गेला. दहाव्याच्या आतच पाळ्या लावायची वेळ आली, तेव्हा त्याच्या बायकोनं, प्रगतीनं, पासवर्ड सांगून टाकला. झालं. अख्खं ऑफिस हनुमंत होऊन आत जायला लागलं. आमच्याकडं मेलेला आजा सातबाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या नांदतो, मग कॉम्प्युटरातून त्याला कोण उठवतंय? पुढं प्रगतीला त्याच्याच जागी घेतलं. सकाळी पडद्यावर त्याचं नाव आलं की ती हळूच म्हणायची, "आलात का?" मी माझ्या कानांनी ऐकलंय. 

उन्हाळ्यात बानूबाईची पाळी गायब झाली. एकटी म्हातारी, मेंढरं विकून घेतलेला जमिनीचा तुकडा, त्यात मका. कुणी बदललं म्हणून विचारायला आली. प्रगतीनं पडदा दाखवला. बदल करणार हनुमंत, तारीख परवाची.

म्हातारीनं ते हनुमंतचंच काम धरलं. हनुमंत जिता असताना दोघांचं बांधावरून वाजलेलं. दुसऱ्या दिवशी तिनं कॉम्प्युटरपुढं नारळ ठेवला. "हनुमंता, काय मागं राह्यलं आसंल तर माग बाबा. पर माज्या पाण्यावर डूख धरू नगंस." शेजारी आनंदरावांनीही हात जोडले. ती पाळी कुणाच्या उसात गेली ते गावाला दिसत होतं, पण चेअरमनला तोंडावर बोलणार कोण? मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. मेल्याला लाज नाही.

प्रगतीनं मला फोन केला. "ताई, त्यांचं नाव काढा यातनं. भूत केलंय त्यांचं हितं."

मी गेले. म्हटलं, जुनं काढते, पण बदल करणाऱ्या प्रत्येकाला ज्याचं त्याचं नाव देते. आनंदराव म्हणाले, "कुलूप कशापायी? सगळी घरचीच माणसं हायती. मोकळं करा." प्रगतीची नोकरी त्यांच्या हातात; मीही ते म्हणाले तसंच केलं.

ते कुलूप काढायचं तर हनुमंत होऊनच आत जावं लागतं, कारण हक्क त्यालाच. सगळ्यांना सगळी मुभा दिली, मग कोरी फाइल उघडून सारं तिच्यात ओढून घेतलं. त्याचा पासवर्ड शेवटच्या वेळी प्रगतीनंच टाकला होता. नव्या फाइलीनं नावच विचारलं नाही. जो येईल तो 'अ‍ॅडमिन'.

"गेले," प्रगती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडली. 

पुढच्या फेऱ्यात बानूबाईचं पाणी परत तुटलं. मी प्रिंटर द्यायला गेले होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलं.

"आता कुणी क्येलं?" म्हातारीनं विचारलं.

प्रगतीनं पडद्यावरचं नाव वाचलं. "अ‍ॅडमिन."

"त्यो कोन?"

"कुणीबी आसंल, मावशी."

आनंदराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "त्या खुर्चीत दिवसभर कोण बसतंय, तेवढं बघा म्हंजी झालं."

"मी न्हाई, मावशी," प्रगती म्हणाली. "देवाशप्पथ न्हाई."

दाखवायला तिच्याकडं दुसरं नाव नव्हतं. बानूबाई तिच्याकडं बघत राहिली. मग वाकली, प्रगतीच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "पोरी, माजं काय चुकलं आसंल तर पोटात घाल. मका जळाया लागलाय."