व्याह्यांनी निवडलेली दहा गाणी

ये गं, अशी जवळ येऊन बस. तो फोन ठेव आधी बाजूला. आणि मला सांग, परवा हळदीकुंकवाला चार बायकांसमोर "मावशी, तुमचे धुळ्याचे व्याही जरा सटकलेले आहेत का हो?" असं विचारलंस, ते शोभलं का तुला? सटकलेले आहेत, नाही कोण म्हणतंय? पण ते मी म्हणायचं. माझी लेक दिलीय त्या घरात, तेवढा हक्क माझा. तुझं काय दिलंय तिथे? आता विचारलंच आहेस तर पुरतं ऐकून घे, अर्धं ऐकून गावभर करू नकोस.

तापीच्या या काठाला किंवा त्या काठाला, आमच्या व्याह्यांइतका गाण्याचा वैरी दुसरा जन्मला नसेल. लग्नात डीजे सुरू झाला की हा माणूस मांडव सोडून दूर लिंबाखाली जाऊन बसतो, आणि पंगत बसल्याशिवाय परत येत नाही. माझ्या लेकीच्या लग्नात वरात निघाली, पोरं नाचायला लागली, तर हे वरबाप असून बॅन्डवाल्याच्या पुढ्यात उभे राहून दर गाण्याला विचारायचे, "झालं का? संपलं का?" शेवटी त्या बिचाऱ्या क्लॅरिनेटवाल्यानं मलाच विचारलं, "अक्का, आम्हनाकडथून काही चुकी व्हयनी का?" गणपतीची आरतीसुद्धा ते मनातल्या मनात म्हणतात. टाळ्या तेवढ्या वाजवतात, त्याही तळहात न टेकवता. आणि अशा माणसाच्या पाठीवर देवानं भाऊ कोणता द्यावा, तर रॉक गाणारा!

त्या भावाला आम्ही बापू म्हणतो. इंजिनीयर व्हायला म्हणून पुण्याला पाठवले होते, ते खांद्यापर्यंत केस आणि पाठीला गिटार घेऊन परत आले. चौघांचा बॅन्ड होता त्यांचा. वाजंत्रीवाल्यांचा नव्हे गं, तो विजेवर चालणारा. पुष्कळ वर्षं चालला, मग चौघांचं भांडण झालं आणि बापूंनी एकट्याच्या नावावर तीन अल्बम काढले. काही गाणी इंग्रजी, काही हिंदी, काही सरळ आपल्या अहिराणीत. कॉलेजातली पोरं अजून ऐकतात म्हणे. बापूंनी लग्न केलं नाही, पैसा धरून ठेवला नाही, आणि आयुष्यभर कपाटाएवढ्या स्पीकरच्या शेजारी उभं राहून कान तेवढे घालवले. डावा पार गेला. उजव्यात थोडं राहिलं होतं, तेव्हा ते धुळ्याला भावाकडे येऊन राहिले, गच्चीशेजारच्या खोलीत. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, "बारीक आवाज आधी जातात, जाड मागे राहतात. पण हा कानही धरून ठेवता येणार नाही."

तर झालं असं, की दिवाळीनंतर पुण्याच्या एका गाण्यांच्या कंपनीतून एका मुलीचा फोन आला. बापूंच्या एकट्याच्या गाण्यांतली निवडक दहा घेऊन तिला एक तबकडी काढायची होती. जुन्या काळ्या तबकड्यांची म्हणे आता पुन्हा फॅशन आलीय. बापूंना फोनवर ऐकू येईना, म्हणून फोन व्याह्यांच्या हातात. बापूंचं म्हणणं एकच होतं. तबकडी निघाली की पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत एकदा आपल्या कानानं ऐकायची. कान आहे तोवर. बाकी कुठली दहा, कुठल्या क्रमानं, ते काही त्यांच्याच्यानं ठरेना. ऐकू येतच नाही तर ठरवणार कसं? म्हणाले, "भाऊ निवडील." म्हणजे घरात गाण्याचा जो एकमेव दुष्मन, त्याच्याच हातात गाण्यांच्या चाव्या दिल्या. मी लेकीला फोनवर म्हटलं, तुमच्या घरी नवस फेडायला बोकडालाच पाठवतात वाटतं.

आता आमच्या व्याह्यांची काम करायची रीत तुला माहीत नाही. बाजार समितीतली नोकरी ही त्यांनी पोटापुरती केली. खरा व्यासंग लग्नपत्रिकेचा. भाऊबंदकीत कुठेही सोयरीक जमली की पत्रिकेचा मजकूर त्यांच्याकडे जातो, आणि तो माणूस आठ-आठ दिवस नावं मांडत बसतो. कोण निमंत्रक, कोण व्यवस्थापक, कोणाला 'श्री' आणि कोणाला 'श्रीमान', कोणाचं नाव कोणाच्या वर आलं तर कोण रुसेल. माझ्या लेकीच्या पत्रिकेत नवरीचं नाव कागदाच्या घडीत गेलं होतं, पण पारोळ्याच्या चुलत आत्येसासूचे जावई मात्र ठळक अक्षरात, फोटोसकट. या माणसानं त्याच रीतीनं रॉकची गाणी मांडायला घेतली!

पहिल्या जागी कुलदैवत पाहिजे. तिथे बापूंचं सगळ्यांत गाजलेलं गाणं बसवलं, ते केळीच्या बागेतल्या वाऱ्याचं. चोपड्याला त्यांच्या मामांची बाग आहे, तिथे राहून केलेलं. त्यात शेवटी शब्द संपतात आणि नुसती गिटार किंचाळत राहते, वारा पानं फाडतो तशी. पोरांचा जीव की प्राण आहे ते गाणं. त्याखाली पहिल्या अल्बमची सगळी गाणी निमंत्रक, कारण वयानं थोर. दुसऱ्या अल्बमची व्यवस्थापक. तिसऱ्याची समस्त परिवार. आणि एक अर्ध्या मिनिटाची नुसतीच धून होती, ती पत्रिकेच्या तळाशी लहान मुलांची ओळ असते ना, "आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं", तिच्या जागी. कोणी म्हणून सुटलं नाही. पुण्याची मुलगी म्हणाली, "काका, दहाच हवीत हो."

"ताई, दोन सख्ख्या भावांतल्या एकाला बोलवायचं आणि दुसऱ्याला गाळायचं?"

"काका, गाण्यांना काही वाटत नसतं."

व्याह्यांनी फोन ठेवला आणि आपल्या बायकोला, म्हणजे माझ्या विहीणबाईंना म्हणाले, "शहरातली आहे. त्यांच्यात हॉलमध्ये पन्नास माणसांत लग्न उरकतात. तिला मानपान काय कळणार?"

मग बैठका सुरू झाल्या. सोयरीक ठरवायला जातात तसे व्याही गाणी ऐकायचं, कानाला लावायचं ते यंत्र पिशवीत घालून गावोगाव नातेवाइकांकडे जायला लागले. थंडीत माझ्याकडे जळगावला आले. मी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून भरताची तयारी करत होते, तोंडावर धूर येत होता, तर यांनी माझ्या पदरावरूनच ते यंत्र कानाला लावलं. आत काय सुरू होतं म्हणून सांगू! पिठाच्या गिरणीचा पट्टा तुटावा आणि त्याच वेळी कोणी पत्र्यावरून टरबूजं गडगडवावीत.

"काय विहीणबाई, याचा मान कितवा धरायचा?"

"व्याहीबुवा, आधी माझी भाकरी तव्यावर करपतेय, तिचा मान पहिला धरा."

त्यांनी ते गंभीरपणे मनावर घेतलं. त्या गाण्यापुढे 'विहीणबाई तटस्थ' असं लिहून टाकलं आणि चार वांग्यांचं भरीत एकट्यानं संपवून अमळनेरची गाडी धरली. तिथे त्यांच्या मावसभावानं सांगितलं, की ज्या साली मला मुलगा झाला त्या सालचं गाणं आलं पाहिजे. चोपड्याच्या मामांनी बजावलं, बाग आमची आहे, केळीचं गाणं खाली सरकलं तर पुन्हा दारात येऊ नका. एक आत्या म्हणाल्या, ज्यात पोरगं कमी ओरडतं ते घ्या. महिना गेला, दुसरा गेला. यादी कमी व्हायची सोडून वाढायला लागली, कारण कोणाला तरी बॅन्डच्या दिवसांतलीही गाणी आठवली. पुण्याची मुलगी म्हणाली, आता तुम्ही राहू द्या, आम्हीच निवडतो. तेव्हा हे तिच्यावर कडाडले, "आमच्या घरचं कार्य, तुम्ही कोण ठरवणार?" बापू खालच्या पायरीवर बसून हसायचे. एकदा तेवढं म्हणाले, "भाऊ, तबकडी शे का बठ्ठी भाऊबंदकी शे?"

मला राग यायचा, खरं सांगते. दुसऱ्याचा कान रोज थोडा थोडा चाललाय आणि हा माणूस रुसवे-फुगवे काढत बसलाय! लेकीला म्हणायचे, तुझ्या सासऱ्यांना कोणीतरी हलवा गं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीला माहेरी आणायला मी धुळ्याला गेले. पुरणाची डाळ शिजत होती. बापू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, कुकरपासून हातभर अंतरावर, पेपर वाचत होते. व्याही यादी घेऊन मला विचारत होते, की दुसऱ्या अल्बमचं शेवटचं गाणं हे पहिल्या अल्बमच्या पहिल्या गाण्याच्या वर घेतलं तर बरं दिसेल का? कुकरनं शिट्टी मारली. दुसरी मारली. इतकी कर्कश, की मी कानावर हात ठेवला. बापूंनी पान उलटलं आणि सहज म्हणाले, "वहिनी, कुकर अजून चढवला नाही का? आज उशीर होतोय जेवायला."

विहीणबाईंनी गॅस बंद केला. व्याह्यांच्या हातातली यादी तशीच. त्यांनी बापूंकडे पाहिलं, कुकरकडे पाहिलं, आणि न जेवता वर गेले. पुरणपोळी असताना न जेवता! तेव्हाच मी समजले, बापूंचे बारीक आवाज गेल्याचं यांना कळलं.

दुपारी त्यांनी बापूंना खाटेवर बसवलं, शेजारच्या पोराचा मोठा स्पीकर आणून उजव्या बाजूला ठेवला आणि एकेक गाणं लावायला घेतलं. आवाज एवढा, की पलीकडच्या गल्लीतून भांडायला माणसं आली. ती आली तशी विहीणबाईंनी त्यांना पुरणपोळी देऊन परत पाठवली. बापूंच्या तोंडाकडे व्याही बघत नव्हते. त्यांच्या पायाकडे बघत होते. ज्या गाण्याला बापूंच्या उजव्या पायाचा अंगठा हलला, ते घ्यायचं. नाही हलला, ते गाळायचं. मग ते थोर असो की धाकटं, मामांचं असो की मावसभावाचं. असा सपासप चालला तो माणूस, की ज्यानं जन्मात पत्रिकेतून एक नाव खोडलं नव्हतं. केळीचं गाणं लागलं. सुरुवातीच्या ढोलाला अंगठा हलला. मग गिटार सुरू झाली आणि अंगठा थांबला. बापू डोळे मिटून, मान जराशी पुढे करून, वाट बघत बसले होते. गिटार किंचाळत होती आणि ते ती सुरू व्हायची वाट बघत होते गं. व्याह्यांनी गाणं मध्येच बंद केलं आणि पुढचं लावलं.

संध्याकाळी दहा नावं पुण्याला गेली. श्रावणात कानबाईच्या सणाआधी तबकडी घरी आली आणि तिकडे पोरांच्या फोनवरही गाणी निघाली. त्याबरोबर शिव्या सुरू झाल्या. केळीचं गाणं नाही म्हणजे काय? कोणत्या येड्यानं निवडली ही गाणी? सगळी धडामधुडूम घेतली आणि गिटार वगळली, याला कान आहेत का? माझा जावई एकेक वाचून दाखवायचा. मामांनी तर खरंच बोलणं सोडलं. व्याह्यांनी कोणालाही कारण सांगितलं नाही. उलट जावयाला बसवून प्रत्येकाला उत्तर लिहायला लावलं, तेही पत्रिकेच्या भाषेत: "आपली नाराजी शिरसावंद्य. अनवधानाने नाव राहून गेल्यास क्षमस्व. आपला नम्र." ती पोरं काय समजली असतील देव जाणे! मी म्हटलं, "व्याहीबुवा, खरं सांगून टाका ना." तर म्हणाले, "माझ्या भावाचा कान हा काय गावात वाटायचा विषय आहे?"

कानबाईला मी तिथेच होते. पाहुणे गेल्यावर दुपारी बापूंनी तबकडी लावली. ऐकली सगळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. जेवढी पोचली तेवढी. मग पाकीट उलटं करून मागची नावं वाचली आणि भावाला म्हणाले, "केळीवालं गानं कथं शे?"

"जागा नही व्हती."

"माले ऐकू येत नही म्हनीसन काढं ना? खरं सांग, भाऊ."

व्याही उठले. मला वाटलं, आता हा माणूस निघून लिंबाखाली जाणार. त्यांनी दार लोटलं, खुर्ची ओढली, बापूंच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि एकदम सुरू केलं. तोंडानं, आपल्या जाड आवाजात. गिटार! ट्यांव, ढ्यांव, घशातून, नाकातून, जिथून निघेल तिथून. एवढे महिने ऐकून ऐकून त्या दुष्मनाला ते गाणं जागच्या जागी पाठ झालं होतं. मी आणि विहीणबाई बाहेर दाराच्या फटीशी पदर तोंडात कोंबून उभ्या. हसू आवरेना, आणि मग काही वेळानं ते हसूच राहिलं नाही. बापूंचा डावा हात हवेत वर आला होता, बोटं नसलेल्या तारांवर सरकत होती. मध्येच त्यांनी थांबवलं.

"इथं नही. आजून वर जाय."

"यान्हा वर मन्हा गया जात नही," व्याही गळ्यावर हात ठेवून म्हणाले.

"बेसूर शे तू भाऊ, जनमना बेसूर."

"व्हऊ दे," व्याही म्हणाले, दम खाल्ला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

आता रोज दुपारी हा कार्यक्रम असतो म्हणे. लेक सांगते, गल्लीतल्या लोकांनी आता खिडक्या लावून घेणं सोडलंय. डॉक्टर पुढचं काही सांगत नाहीत. आपणही विचारत नाही. कानाशी तोंड नेऊन बोललं की बापूंना अजून माणूस कळतं, आणि नवा आवाज ऐकला की फार खूश होतात. तेव्हा तुला हसायला यायचं असेल तर हसायला ये, माझी काही ना नाही, मीही हसतेच. पण दिवाळीला येईन, सुट्टीत येईन असं म्हणू नकोस. या आठवड्यातच चल, आपण दोघी जळगावहून सकाळची धुळ्याची गाडी धरू. तू बापूंच्या उजव्या बाजूला बस आणि तुझं नाव सांग. जरा मोठ्यानं सांग. पण लवकर ये गं.