थंड व्हायला ठेवलेला क्रँक

सोलापूरच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या लॅबमध्ये मी गाड्यांच्या सुट्या भागांची झीज मोजते. मे महिन्यातल्या एका दुपारी मोडनिंबकडचा एक पिकअपवाला इंजिनातला फिरणारा दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, गोणपाटात गुंडाळून खांद्यावर घेऊन आला. इंजिन जाम झालं होतं. क्रँक नवा टाकून वर्षही झालं नव्हतं, त्यामुळे माल खराब आहे असा लॅबचा कागद त्याला दुकानदाराला दाखवायचा होता.

उन्हातून आलेलं लोखंड हाताला चटका देत होतं. मी ते एसी खोलीत ठेवलं.

“मोजा की आता,” तो म्हणाला.

“गरम लोखंड फुगलेलं असतं, दादा. आता मोजलं तर माप खोटं येईल.”

मग आम्ही चहा घेत बसलो. यंदा डाळिंबाची भाडी भरपूर आहेत आणि नेमकी गाडी बंद पडली, असं तो सांगत होता.

क्रँक निवल्यावर मी मायक्रोमीटर लावला. लोखंडाचा कठीणपणा तपासला, तो बरोबर होता. क्रँक बेअरिंगमध्ये फिरतो त्या जागी मात्र नखाला लागतील असे खोल ओरखडे होते, आणि त्यानं सोबत आणलेल्या बेअरिंगमध्ये काळी कच रुतून बसली होती. खराब तेलाची झीज अशीच दिसते.

“माल चांगला आहे, दादा. तेल बदललेलं नाही.”

तो वाद घालेल असं मला वाटलं होतं. त्यानं ओरखड्यांवरून बोट फिरवलं.

“तेल-पाणी थोरला भाऊ बघायचा,” तो म्हणाला. “मी नुसती चालवायचो. त्यो श्रावणात गेला.” गोणपाटाची घडी घालत म्हणाला, “मला कळत न्हवतं असं न्हाई, ताई. पर ते त्याचं काम हुतं. माझा हातच गेला न्हाई.”

‘खराब वंगणामुळे झीज’ हे शब्द मी कितीतरी अहवालांत लिहिले होते. तेल का बदललं गेलं नाही, हे त्यात कधीच येत नाही. त्याही दिवशी आलं नाही.

“हाय ते लिवा,” तो म्हणाला, आणि लिहून झाल्यावर कागद घेऊन गेला.

पावसाळा सरता सरता तो मार्केटला माल टाकून परत लॅबवर आला. टेबलावर चार डाळिंबं ठेवली. गाडी चालू झाली होती. नखांत काळं तेल होतं.

“सीटमागं भावाचा फडका घावला,” तो म्हणाला. “तेल बदललं की त्यानंच हात पुसतो आता.”

मी त्याला बसायला सांगितलं, पण परतीचं भाडं वाट बघत होतं.