थर्ड बेसच्या आत एक पाऊल

"तिला थर्डला उभी करू. तिच्याकडे बघून कोणाला संशय यायचा नाही."

पाण्याच्या टाकीमागून आमच्या पीटीच्या सरांचा आवाज आला. मी टाकीच्या अलीकडे बाटली भरत होते. नळ बंद केला आणि तशीच उभी राहिले.

"आणि कुणाला बोलली तर?" हा आमच्या कॅप्टनचा आवाज.

"ती?"

"ते बी खरं हाय. हजेरीला तरी कुठं आवाज येतो तिचा."

दोघं हसली. नाव कोणी घेतलं नव्हतं, पण हजेरीला दोनदा हाक मारावी लागणारी टीममध्ये मी एकटीच होते.

तेव्हा मी नववीत होते. आमची शाळा कामतघरच्या बाजूला, इंग्रजी माध्यमाची. सॉफ्टबॉल नुकताच सुरू झाला होता आणि सर मूळचे कबड्डीचे. नियमांचं पुस्तक इंग्रजीत आलं, ते त्यांनी माझ्याकडे दिलं. "तुझं अक्षर चांगलं आहे. मराठीत लिहून दे." मी आठ दिवस बसून वहीभर लिहिलं. अडवणुकीचं पान मला पाठच झालं होतं. बॅटने मारलेला बॉल कोणी अडवत असेल, तर धावणारीने तिला वाट द्यायची; तिला धक्का दिला तर धावणारी आऊट. एरवी वाट धावणारीची. जिच्या हातात बॉल नाही, तिने त्या वाटेत उभं राहायचं नाही. थ्रो तिच्याकडे येतच असेल, तर मात्र चालतं. या शेवटच्या ओळीखाली सरांनी नंतर लाल पेनाने रेघ मारलेली मी पाहिली होती. तेव्हा मला वाटलं, त्यांना ती आवडली.

त्या दुपारी सरांनी मला बोलावलं. "उद्या थर्डला तू. बेसच्या आत एक पाऊल, होमच्या बाजूला उभी राहा. तिथून मैदान चांगलं दिसतं." थर्ड म्हणजे होमच्या आधीचा शेवटचा बेस; होमला पोचलं की रन. तो वळून पळणाऱ्या मुलीला होम दिसत असतं. तिथे कोणी उभं असेल असं तिच्या मनात नसतं. मी मान हलवली.

तेव्हापासून मला कशाचाच भरवसा वाटेना. अक्षराचं कौतुक खरं होतं, की वही हवी होती म्हणून? मला टीममध्ये घेतलं ते खेळावरून, की चेहऱ्यावरून? दुसऱ्या दिवशी मॅचआधी कॅप्टनने मीठ-मसाला लावलेली पेरूची फोड माझ्यापुढे धरली. वर्षभरात पहिल्यांदाच. मी फोडीकडे बघत राहिले.

"घे की. विष न्हाय टाकलं," ती म्हणाली.

घेतली. चव लागली नाही.

मैदान दापोड्याच्या गोदामांमागे होतं. बेसच्या पिशव्या कॅप्टनच्या घरच्या कापडाच्या लूमवरून आणलेल्या चिंध्यांनी भरलेल्या. मॅच शेलारकडच्या एका शाळेशी. जिंकेल ती टीम जिल्ह्याला जाणार. शेवटची इनिंग आली तेव्हा आम्ही एका रनने पुढे होतो. त्यांच्या दोघी आऊट, तिसरी गेली की मॅच संपली; आणि सेकंड बेसवर त्यांची सगळ्यात वेगवान मुलगी, दोन वेण्या वर बांधलेली. मी बेसच्या आत एक पाऊल उभी होते. कोणी हाताला धरून उभं केलं नव्हतं. मागे सरकता आलं असतं.

बॉल लेफ्टला गेला. वेण्यावाली थर्ड वळली, माझ्या खांद्यावर आपटली आणि फक्कीच्या रेघेवर पडली. उठून होमला पोचेपर्यंत बॉल आमच्या कॅचरच्या हातात होता. अंपायरनी आऊट दिलं. आमच्या मुली नाचायला लागल्या.

त्यांच्या बाई तरातरा आत आल्या. "वाटेत उभी होती ती. अडवलं तिनं."

"मी बॉलकडे बघत होतो, बाई," अंपायर म्हणाले. ते एकटेच होते, आणि तेव्हा कोणाकडे कॅमेरा-बिमेरा नव्हता.

"थ्रो हिच्याकडंच येत होता," कॅप्टन पुढे झाली. "ती बॉल घ्यायला उभी. धक्का तर तुमच्याच पोरीनं मारला."

"खोटारडे. बॉल तिकडून गेला," वेण्यावाली म्हणाली. तिचा गुडघा सोललेला, त्यावर फक्की चिकटलेली.

"पुस्तकात आहे," सर शांतपणे म्हणाले. त्यांच्या हातात माझी वही होती, रेघेच्या पानावर बोट घालून. "थ्रो येत असेल तर चालतं. बघा, लिहिलंय."

माझंच अक्षर. अंपायरनी ते वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. सर टाकीमागे म्हणाले होते तसंच झालं. अंपायरच्या नजरेत संशय नव्हता. ही खोटं बोलणार नाही, असंच काहीतरी होतं त्यात. मला त्याची जास्त भीती वाटली.

"बाळा, थ्रो तुझ्याकडे येत होता का?"

मान हलवली असती तरी पुरलं असतं. तेवढ्यावरच माझी वर्षं निघाली होती. कॅप्टन माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या ग्लोव्हकडे बघत होती. तो अजून मांडीपाशीच लोंबत होता, धक्का लागला तेव्हा होता तसा. गोदामापुढे एक ट्रक मागे येत होता, त्याचा आवाज थांबायची मी वाट बघितली.

"नाही सर. थ्रो होमलाच गेला. मी तिच्या वाटेत उभी होते, आणि मला ते माहीत होतं."