आमच्या हॉलमधली पाच कुशनं

संगमनेरात नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा मी सगळ्यात जास्त वेळ कुशनांवर घालवला. पडदे एका दुपारी ठरले. सोफा तर नवऱ्याने एकट्याने जाऊन पसंत केला. कुशनांसाठी मात्र मी बाजारपेठेतल्या एकाच दुकानात तीनदा गेले. दुकानदार कंटाळला नाही. तिसऱ्या वेळी त्याने सगळे अभ्रे दारातल्या उन्हात पसरले आणि म्हणाला, "मॅडम, ट्यूबच्या उजेडात रंग फसवतो. इथं बघा." खरंच, मी दोन दिवस ज्याला करडा समजत होते तो उन्हात चक्क हिरवट निघाला. शेवटी दोन हळदी रंगाची, दोन गडद निळी आणि एक पांढऱ्यावर पानं भरलेलं, अशी पाच कुशनं घेऊन मी घरी आले.

मग मांडणी. मोठी निळी मागे दोन्ही कोपऱ्यांत, त्यांच्यापुढे हळदी जरा तिरकी, आणि पानांचं मधोमध, एका टोकावर उभं. ते उभं राहायला त्याच्या डोक्यावर हाताने हलकी चापट मारून खळगा पाडावा लागतो, हे मी मोबाईलवर पाहून शिकले होते. नवरा दूध संघातल्या नोकरीवरून आला, सोफ्याकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "बसायच्या जागेवर हीच बसलीत. आपण कुठं बसायचं?"

त्याच सुमारास सासूबाई आमच्याकडे आल्या. त्यांना मी आत्या म्हणते. आमचं गाव तालुक्याच्या पठार भागात. आत्यांचं सगळं आयुष्य तिथे गाईगुरांत गेलेलं. गुडघा अगदीच धरला तेव्हा इथल्या दवाखान्यात ऑपरेशन करून वाटी बदलली, आणि बरं वाटेपर्यंत त्यांनी आमच्याकडे राहायचं ठरलं. गावाकडची गुरं धाकटे दीर बघत होते. आम्ही दोघं कामावर गेलो की आत्या घरात एकट्या असायच्या. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू मधूनमधून डोकावून जायच्या.

आठवड्याभरातच एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी कॉलेजातून परत यायची तेव्हा कुशनं सकाळी ठेवल्यासारखी नसायची. एकदा दोन्ही निळी एकाच बाजूला. एकदा पानांचं खाली आडवं आणि त्याच्यावर हळदी. एकदा पाचही एका ओळीत, शाळेतल्या मुलांसारखी सरळ.

"आत्या, कुशनं कोणी हलवली का हो?"

"मला काय ठावं बाई. आसतील तिथंच."

त्या इतक्या चटकन म्हणाल्या, आणि लगेच निवडायच्या मेथीकडे वळल्या, की माझं कुतूहल आणखीच वाढलं. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. मुलांना नेहमी सांगते, आधी नीट बघा, लिहून ठेवा, मग अंदाज करा. म्हणून मी रोज निघताना सोफ्याचा फोटो काढू लागले आणि आल्यावर ताडून बघू लागले. एकही मांडणी दोनदा झाली नाही. हळदी रंगाच्या एका कुशनाला मागच्या बाजूने बारीक धूळ लागलेली दिसली, जमिनीवर टेकल्यावर लागते तशी. दुसऱ्याला बामचा वास येत होता. मला वाटलं, पाय लांब करून गुडघ्याखाली घेत असतील. पण मग पाचही कशाला हलावीत? आणि लपवायचं कशाला?

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तू उशांची पाहणी करत बसलीस, आई चालत नाही त्याचं बघ." तेही खरंच होतं. आमच्यासमोर आत्या वॉकरशिवाय पाऊल टाकत नव्हत्या. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मॅडमनी दोनदा सांगून झालं होतं, आता हळूहळू हात सोडायला हवा. आत्या मान हलवायच्या आणि वॉकर आणखी घट्ट धरायच्या.

एका शनिवारी कॉलेज लवकर सुटलं. दुपारच्या वेळी त्यांची झोपमोड नको म्हणून मी कुलूप अगदी हळू उघडलं, आणि दार अर्धवट लोटून तिथेच थबकले.

हॉलच्या मधोमध आत्या उभ्या होत्या. वॉकर जवळपास कुठेच नव्हता. दोन्ही हात अंगापासून थोडे दूर, बांधावरून चालताना माणूस धरतो तसे. त्यांच्या खोलीच्या दारापासून खिडकीपर्यंत फरशीवर माझी कुशनं मांडलेली होती, तीन एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला, मधून वाट. त्या वाटेने आत्या चालल्या होत्या. एक पाऊल, थांबायचं, पुटपुटायचं, मग दुसरं. माझ्याकडे त्यांची पाठ होती. हाक मारावी तर दचकून पडतील, पुढे जावं तर तेच. मी श्वास रोखून उभी राहिले. खरं सांगायचं तर त्या पोहोचतात का, हे मला बघायचंही होतं.

त्या पोहोचल्या. खिडकीचा गज धरून त्यांनी मोठा सुस्कारा टाकला, आणि वळल्या तेव्हा मी दिसले.

"कधी आलीस गं?"

"आत्ताच. आत्या, हे कधीपासून चाललंय?"

त्यांनी खाली कुशनांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पडले तर मऊवर पडावं म्हनून ठिवते. फरशी लई गुळगुळीत हाय तुमची. आन् पुसून ठिवते परत, अशीच न्हाई."

"कुशनांचं राहू द्या. पण आम्ही असताना का चालत नाही?"

"तू हात धरशील. त्यो वरडंल. मंग कसं शिकायचं?" आता त्या खुर्चीवर टेकल्या. "मला गोठ्यात जायाचं हाय. ते वाकर घिऊन गोठ्यात जाता येतं का? शेनात रुततंय ते. हात सोडूनच चालाया पायजे."

मी पाणी आणून दिलं. त्यांनी घोटभर प्यायलं आणि मग जरा वेळाने, मला वाटतं बराच काळ मनात ठेवलेलं, विचारलं, "तू ह्या उशा मांडतीस कशा? रोज वाटायचं, आज बरोबर जमलं. तू आलीस की तुझं त्वांड बघून कळायचं, न्हाई जमलं."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. मी इतके दिवस ज्याला गोंधळ समजत होते तो त्यांचा रोजचा प्रयत्न होता. आम्ही दोघींनी मिळून कुशनं सोफ्यावर लावली. निळी मागे, हळदी पुढे. पानांच्या कुशनाला चापट मारून दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, "त्याला मारतीस का गं?" मी सांगितलं, खळगा पडला की टोकावर उभं राहतं. त्यांनी स्वतः मारून बघितली, कुशन कलंडलं, पुन्हा मारली.

सोमवारी व्यायामाच्या मॅडम आल्या तेव्हा मी आत्यांना विचारूनच सगळं सांगितलं. मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो आजी, पडला असतात ते या उशांनीच! पाय अडकला असता म्हणजे?" आत्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. पण त्यांची चाल बघून मॅडम खूश झाल्या. भिंतीकडेने जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या लावून दिल्या, पुढे काठी दिली. नवऱ्याला कळलं तेव्हा तो आधी ओरडलाच. मग आईसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दाखव." आत्यांनी दाखवलं. तो तिथल्या तिथे खाली बसला.

पुढचे काही आठवडे संध्याकाळी आत्यांच्या फेऱ्या आमच्यासमोर होत. मी मागे चालायची, हात न लावता. फेऱ्या झाल्या की त्या सोफ्यावर बसत, एक हळदी कुशन पाठीशी, एक पायाखाली, आणि उरलेली माझ्याकडे सरकवत. नवऱ्याला जागा मिळत नसे.

दिवाळीनंतर त्या गावी गेल्या. पंधरा दिवसांनी आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्या ओट्यावर नव्हत्या, घरातही नव्हत्या. गोठ्याकडून आवाज आला, "इकडं या, इकडं!" एका हातात काठी, दुसरा गाईच्या पाठीवर. जाऊबाईंनी सांगितलं, आदल्या दिवशीच गाय व्यायली होती.

"चल," आत्या मला म्हणाल्या, "कालवड दावते." आणि दगडगोट्यांतून, शेणमातीतून, काठी टेकत पुढे चालू लागल्या.